सुरुवात कुठून: इंग्लंडच्या ‘सुमर’पासून की माशोच्या ‘कीरिए’पासून?

चार ते सहा गळे आहेत, साथीला वाद्य नाही आणि मध्ययुगीन युरोपातलं काहीतरी बसवायचं आहे. अशा वेळी हमखास दोन रचना समोर येतात: इंग्लंडची ‘सुमर इज इकूमेन इन’ आणि फ्रान्सच्या गियोम द माशोच्या ‘मेस द नोत्र दाम’ या चर्चच्या उपासना-संगीतातला ‘कीरिए’ हा दयायाचनेचा भाग. आमचं मत स्पष्ट आहे, आधी ‘सुमर’.

ती रेडिंगच्या मठाशी जोडलेल्या १३व्या शतकातल्या हस्तलिखितात आहे. चाल एकच. चौघं ती एकामागून एक उचलतात, खाली दोघं छोटंसं पालुपद घोळवत राहतात. पुढच्याने कुठे शिरायचं तिथे क्रूस काढलेला आहे. वर तीन, निदान दोन तरी गायक हवेत, अशी सूचनाही त्यात आहे. म्हणजे एकूण चौघांत भागतं. गाडी बिघडते ती तळाशी. वरची शब्दांची गर्दी ऐकून पालुपदवाले धावू लागतात, म्हणून टाळी त्यांच्याच हाती द्यावी.

माशोकडे (मृत्यू १३७७) चारही आवाजांची वाट वेगळी. पहिल्या ‘कीरिए’त ‘टेनर’ (मूळ चाल धरणारा आवाज) जुन्या चर्चगीताचे स्वर चार-चारच्या एकाच लयबंधात सात वेळा गातो. मोजणी एकदा हुकली की शेजारी ऐकून सावरता येत नाही.

पण खरी मेख गांधारात आहे. इंग्लंडच्या पश्चिम भागात गांधारालाच सर्वांत गोड मानतात, असं १३व्या शतकातल्या एका अनाम शास्त्रकाराने नोंदवलंय. हा गांधार ३८६ सेंटांवर (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) बसतो, तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो तोच. माशोसाठी तो ४०८ वर, म्हणजे २२ सेंट, एक प्रमाणश्रुती चढा हवा. कारण विरामाला दोन स्वर एकदम वर सरकतात: तीव्र मध्यम (तळाच्या रिषभापासून मोजला तर तोच गांधार) पंचमाला, शुद्ध निषाद षड्जाला, आणि शेवट सा-प-सा असा गांधाराविना होतो. आधीचे स्वर चढे असले तरच तो शेवट मोकळा, रुंद वाटतो. तंबोऱ्यावर वाढलेला गळा नेमका इथे गांधार खाली ओढतो. हार्मोनियमवर तालीम करू नका, त्याचा ४०० सेंटांचा गांधार दोन्हीकडे चुकतो.

ऐकायला ‘मेस’ची दोन गायकवृंदांची ध्वनिमुद्रणं पुरेत. हिलियर्ड आन्सांब्लचं नितळ, ओळी सुट्या ऐकू येणारं. आन्सांब्ल ऑर्गानुमचं जाडसर आवाजाचं, हरकतींनी भरलेलं. शिकण्यासाठी पहिलं घ्या. दुसरं मात्र एकदा रात्री, दिवे मालवून.