अमेरिकन स्टडीज की हिस्ट्री? मेजर ठरवताय त्यांच्यासाठी

अमेरिकेत अंडरग्रॅड करताना मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) म्हणून हिस्ट्री घ्यावी की अमेरिकन स्टडीज (अमेरिकेचा इतिहास, साहित्य, कला, समाज एकत्र अभ्यासायचा विषय), यात अडकलेले बरेच जण भेटतात, मीही त्यातलाच होतो. आधी एक सांगतो, नोकरी-व्हिसाच्या हिशोबाने तुलना करत बसू नका. दोन्ही स्टेममध्ये (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स) येत नाहीत, एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावाल्यांना ओपीटी (डिग्रीनंतर काम करायची परवानगी) १२ महिनेच, स्टेमवाल्यांना मिळतात ते वरचे २४ नाहीत, विषय संपला. लॉ स्कूललाही दोन्ही चालतात.

हिस्ट्रीची बाजू भक्कम आहे, खोटं कशाला बोला. स्वतःचं डिपार्टमेंट, स्वतःचे प्रोफेसर, आणि जुना कागद कसा वाचायचा, त्यावर किती विश्वास ठेवायचा हे घासून शिकवतात. अमेरिकन स्टडीज बऱ्याच कॉलेजांत नुसता प्रोग्रॅम असतो, शिकवणारे इंग्लिश, सोशिऑलॉजी, म्युझिककडून उसने आणलेले, त्यातलं कोणी सबॅटिकलवर (संशोधनाच्या लांब रजेवर) गेलं की सेमिनार पुढच्या वर्षी. शिवाय सीट्स आधी त्या त्या डिपार्टमेंटची पोरं घेतात, आपण वेटलिस्टवर.

तरी मी हिस्ट्री सोडली, कारण काहीही विचारलं की "हा कोर्स मेजरमध्ये मोजला जाणार नाही". मला ग्रेट मायग्रेशन करायचं होतं, म्हणजे साधारण १९१० ते १९७० मध्ये साठेक लाख ब्लॅक लोक दक्षिण सोडून उत्तरेत, पश्चिमेत गेले ते. हिस्ट्रीच्या क्लासमध्ये कापसाची बोंडं पोखरणारा किडा, बटईची शेती, इलिनॉय सेंट्रल रेल्वे, पुलमन पोर्टर (रेल्वेच्या स्लीपर डब्यांतले ब्लॅक कर्मचारी) गुपचूप दक्षिणेत पोचवायचे तो ब्लॅक लोकांचा शिकागो डिफेंडर पेपर, सगळं झकास. पण ब्लूज गायक मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीहून शिकागोला आला आणि तिथल्या क्लबांच्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून इलेक्ट्रिक गिटारकडे वळला, ते शिकायला म्युझिकमध्ये जा. चित्रकार जेकब लॉरेन्सने याच स्थलांतरावर १९४०-४१ मध्ये ६० चित्रं काढली (आता अर्धी वॉशिंग्टनला, अर्धी न्यूयॉर्कला), त्यासाठी आर्ट हिस्ट्रीत जा. हे दोन्ही घेतले तर नुसते इलेक्टिव्ह, म्हणजे मेजरमध्ये न धरले जाणारे ऐच्छिक कोर्स, आणि मेजर पुरं करायला वर युरोप नि प्रीमॉडर्नचे कोर्स आहेतच. माणसं तीच, रेल्वे तीच, आणि माझे क्रेडिट्स तीन दारी. अ‍ॅडव्हायझर बाई गोड बोलायच्या पण उत्तर बदलायचं नाही, आणि दर सेमिस्टरला नव्याने चिडचिड. अमेरिकन स्टडीजमध्ये हीच माझी थीम झाली आणि तिन्हीकडचे कोर्स मोजले गेले.

(पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये अमेरिकेवर मराठीत पुस्तक काढलं, त्यात राज्यकारभार, शिक्षण, धर्म, बायकांची स्थिती सगळं एकत्र आहे. त्यांना कोणी डिपार्टमेंट विचारलं नाही.)

प्रत्येकाचं कॉलेज वेगळं, त्यामुळे ठामपणे नाही म्हणत. पुढे हिस्ट्रीत पीएचडी करायची असेल किंवा विषय अजून सापडला नसेल तर बहुतेक हिस्ट्रीच बरी. विषय डोक्यात पक्का असेल तर मात्र अमेरिकन स्टडीज बघाच. फक्त मेजर डिक्लेअर (कॉलेजात अधिकृत नोंद) करायच्या आधी मोजल्या जाणाऱ्या कोर्सेसची यादी मागून घ्या, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्यातले खरंच किती चालले तेही विचारा, कारण कॅटलॉगमध्ये काहीही छापलेलं असतं.