वॉरंटीतला लॅपटॉप आणि दारात आलेला ‘कंपनीचा माणूस’

लॅपटॉप वॉरंटीत असतानाच बिघडतो, दुरुस्ती फुकट व्हायला हवी असते, आणि तरीही घरातून आठ-दहा हजार रुपये जातात. ही फसवणूक आता इतकी ठरावीक झाली आहे की दुरुस्तीच्या धंद्यातल्या कुणालाही तिचा क्रम तोंडपाठ असतो.

बटण दाबलं तरी लाइट लागत नाही. मग मोबाइलवर ब्रँडचं नाव आणि पुढे ‘सर्व्हिस सेंटर’ असं टाकून शोधलं जातं. सगळ्यात वर दिसतो तो बहुतेक वेळा जाहिरातीतला नंबर. नकाशावरच्या नंबरवरही भिस्त ठेवता येत नाही, कारण तिथली माहिती बदलण्याची सूचना कुणीही पाठवू शकतो. फोन पहिल्याच रिंगला उचलला जातो. ‘हो सर, कंपनीतूनच बोलतोय, पत्ता सांगा.’ तासाभरात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला मुलगा दारात. तो चार्जर लावून बघतो आणि सांगतो, ‘बोर्ड शॉर्ट आहे, लॅबला न्यावा लागेल.’ वॉरंटी आहे म्हटलं तर उत्तर तयार असतं: ‘वॉरंटी आहे हो, पण आत पाणी गेलंय, ते कव्हर होत नाही.’ संध्याकाळी कोटेशन येतं. नको म्हटलं तर तपासणीचे पैसे, ने-आण केल्याचे पैसे, आणि ते दिल्याशिवाय लॅपटॉप परत नाही.

इथे गेलेल्या पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच असतं. त्या ‘लॅब’मध्ये बोर्डवर, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किटवर, टाके वितळवणारी हॉट एअर गन फिरली, टाके देताना लावतात त्या फ्लक्सचे डाग पडले, स्क्रूंची डोकी झिजली की अधिकृत केंद्राचा इंजिनिअर झाकण उघडताच ते ओळखतो आणि बाहेर दुरुस्ती झाल्याचा शेरा मारतो. त्या दिवशी खरी वॉरंटीही हातची जाते. चिप-लेव्हलचं, म्हणजे बोर्डवरचा एकेक भाग दुरुस्त करण्याचं काम निगुतीने करणारे कारागीर मुंबईत लॅमिंग्टन रोडला आहेत, पुण्यात आहेत, जिल्ह्याच्या गावीही आहेत. पण त्यांच्याकडे जायची वेळ वॉरंटी संपल्यावरची.

खरा-खोटा ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे सीरियल नंबर. कंपनीचं सगळं काम त्याच्यावर चालतं, त्यामुळे खरा कॉल सेंटरवाला पत्त्याच्या आधी तो विचारतो. डेलमध्ये त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात, तो ७ अक्षर-अंकांचा असतो. एचपीचा सीरियल नंबर १० अक्षर-अंकांचा असतो. तो लॅपटॉपच्या पोटावर छापलेला असतो, खोक्यावर असतो, आणि बिलावर असायलाच हवा. कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा, सपोर्टच्या पानावर हा नंबर भरा. वॉरंटी कधी संपते, घरी येऊन सेवा आहे की केंद्रावर न्यायचं आहे, हे तिथेच कळतं. तक्रारही तिथूनच नोंदवा. केस नंबर मिळतो आणि पुढचे मेल कंपनीच्या डोमेनवरून येतात. दारात आलेल्या माणसाला तो केस नंबर आधी त्याच्या तोंडून सांगू द्या. सांगता आला नाही तर लॅपटॉप हातात देऊ नका.

वेबसाइटवर वॉरंटी सुरू झाल्याची तारीख बिलाच्या आधीची दिसली तर घाबरू नका. विक्रीची नोंद झालेली नसेल तर कंपनी माल कारखान्यातून निघाल्याच्या तारखेपासून दिवस मोजते. जीएसटी नंबर आणि सीरियल नंबर असलेलं पक्कं बिल पाठवलं की तारीख दुरुस्त होते. दुकानदाराने दोन-चार हजार वाचवतो म्हणून कच्ची पावती दिली असेल तर मात्र हा दरवाजा बंद होतो.

आता ‘बोर्ड गेला’ या निदानाबद्दल. मेलेला दिसणारा लॅपटॉप दर वेळी मेलेला नसतो. चार्जर काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आत अडकून राहिलेला चार्ज निघून जातो. मग फक्त चार्जर लावून चालू करून बघा. एवढ्यावर बरेच लॅपटॉप उठतात. नाही उठला तर लाइट किती वेळा लुकलुकतो ते मोजा, मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवलं तर आणखी चांगलं. डेलच्या अनेक मॉडेलमध्ये दोनदा नारिंगी आणि तीनदा पांढरा म्हणजे रॅम (लॅपटॉपची तात्पुरती मेमरी) सापडत नाही. बऱ्याचदा ती काढून, पुसून परत बसवली की काम होतं. याच बिघाडाला ‘मदरबोर्ड’ म्हणून हजारो रुपये लावले जातात. स्क्रीन येत असेल तर डेलला चालू करताना एफ-१२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडा, एचपीला एस्केप आणि मग एफ-२. चाचणी फसली तर एरर कोड मिळतो. एचपीचा तर २४ अक्षर-अंकांचा असतो. तो तक्रारीत लिहिलात की कंपनीचा माणूस विंडोज पुन्हा टाकून बघा म्हणत आठवडा घालवत नाही, थेट पार्ट मागवतो.

लॅपटॉप द्यावाच लागला तर देण्याआधी दिवसाच्या उजेडात एकच सलग व्हिडिओ काढा, मध्ये न थांबवता. पोटावरचा सीरियल नंबर, चारही कोपरे, दोन्ही बिजागऱ्या, सगळे पोर्ट, स्क्रीन उघडून. चालू होत असेल तर बायोसच्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या) पहिल्या पानावरचा सीरियल नंबर, आणि टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये रॅम किती जीबी, किती वेगाची, डिस्कचं मॉडेल कोणतं, हेही त्यात घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर एसएसडीचा (डेटा साठवणाऱ्या डिस्कचा) सीरियल नंबर आणि ती आजवर किती तास चालली हे दाखवतं. त्याचा फोटो ठेवा. रॅम १६ ची ८ होते, नावाजलेल्या एसएसडीच्या जागी बिननावाची येते, आणि महिनाभराने लक्षात येतं तेव्हा हातात पुरावा नसतो. बिघाड एसएसडीचा नसेल तर ती काढून स्वतःकडे ठेवू का, असं केंद्राला लेखी विचारा. काही कंपन्या ही मुभा देतात.

जॉबशीटवर, म्हणजे लॅपटॉप घेताना केंद्र भरतं त्या पावतीवर, सही करण्यापूर्वी ती वाचा. ‘स्क्रॅचेस, डेंट’ असा छापील मजकूर सगळ्यांच्याच शीटवर असतो. आपल्या लॅपटॉपला डेंट नसेल तर तो शब्द खोडून शेजारी सही करा. नंतर बिजागरी तुटली म्हणून वाद झाला तर हीच ओळ तुमच्यावर उलटते. बिजागरीचंच सांगायचं तर, ती सहसा आपटून तुटत नाही. पितळी नट प्लास्टिकच्या खांबांत बसवलेले असतात. बिजागरी घट्ट झाली की दर उघडझापीला ते थोडे थोडे उपटत येतात आणि एक दिवस खांबच फुटतात. बाहेर एकही ओरखडा नसताना आतले खांब फुटले असतील, तर त्याला ‘फिजिकल डॅमेज’ म्हणण्याला लेखी आणि फोटोंसह हरकत घ्या.

अधिकृत केंद्रातही ‘सीआयडी’ हा शब्द कानावर येतो. ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान, असा त्याचा अर्थ. चहा-पाणी खरोखर सांडलं असेल तर साध्या वॉरंटीत ते बसत नाही, त्यासाठी अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. तिथे वाद घालून उपयोग नाही. सांडलेलं नसताना असं सांगितलं, तर तोंडी बोलणं थांबवा. अहवाल लेखी मागा. गंज बोर्डवर नेमका कुठे आहे, ओलाव्याने रंग बदलणारा स्टिकर लाल झाला आहे का, आणि त्या जागेचा मूळ बिघाडाशी काय संबंध, हे फोटोंसह मागा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात एखाद्या पोर्टवर हिरवट थर धरू शकतो. स्क्रीनवर रेघा येण्याचं कारण तो ठरत नाही. नेमकं विचारलं की कित्येक नकार मागे घेतले जातात.

बोर्ड बदलून मिळाला तर तक्रार बंद करायचा ओटीपी देण्याआधी दोन गोष्टी तिथल्या तिथे बघा. नव्या बोर्डमध्ये तुमचा सीरियल नंबर घालावा लागतो. बायोसमधला नंबर आणि पोटावरचा नंबर जुळला नाही तर पुढच्या तक्रारीला कंपनीची यंत्रणा तुमचा लॅपटॉप ओळखणारच नाही. दुसरं, विंडोज अॅक्टिव्हेट आहे का. शिवाय विंडोज ११ मध्ये डिस्क अनेकदा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. बोर्ड बदलला की ती बिटलॉकरची (विंडोजच्या या कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती लॅपटॉप देण्याआधीच मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून उतरवून कागदावर ठेवा. ती नसेल आणि बॅकअपही नसेल, तर डेटा गेलाच.

रजिस्ट्रेशनच्या नावाखाली १० रुपयांची लिंक पाठवून एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवणारं अॅप टाकायला लावलं, तर फोन तिथेच ठेवून द्या. वॉरंटीच्या तक्रारीला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते.

लॅपटॉप अडकवून ठेवणाऱ्याला व्हॉट्सअॅपवर तारीख घालून लेखी मागणी करा, आणि दिला नाही तर जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ विश्वासघाताचं आणि ३१८ फसवणुकीचं आहे. अर्जात दोन्हींचा उल्लेख करा.

कंपनीच दाद देत नसेल तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्यामुळे प्रकरण चालू असेपर्यंत तो लॅपटॉप कुणालाही उघडू देऊ नका, जुना पार्ट मिळाला असेल तर फेकू नका, आणि बिल, जॉबशीट, मेल, तो सलग व्हिडिओ हे सगळं लॅपटॉपबाहेर दोन ठिकाणी ठेवा.