हायपोचे खडे की कंडिशनरची बाटली?

माशांच्या टाकीचं पाणी बदलताना नळाच्या पाण्यातला क्लोरीन आधी मारावा लागतो; तो माशांचे कल्ले जाळतो. बादली उघडी ठेवून पाणी शिळं करण्याचा मार्ग सुरुवातीलाच बाजूला ठेवतो. नुसता क्लोरीन असेल तर तो चालतो, पण क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, त्याला दाद देत नाही. शिवाय टाकीत माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया चढल्यावर चोवीस तास थांबणार कोण?

उरले दोन पर्याय: सोडियम थायोसल्फेटचे खडे, म्हणजे फोटोवाल्यांचा जुना हायपो, आणि तयार कंडिशनर, म्हणजे पाण्यातला क्लोरीन मारणारं बाटलीतलं द्रावण.

बाटलीची जमेची बाजू खरी आहे. क्लोरामाइन फुटला की अमोनिया सुटतो, आणि हायपो त्याला हात लावत नाही. पीएच 8 च्या आसपास असेल तर हा अमोनिया जास्तच बाधतो. चांगलं कंडिशनर तो काही काळ बांधून ठेवतं, तोवर फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचा फडशा पाडतात. (अशा पाण्यात अमोनिया मोजायचं नेसलर पद्धतीचं किट भलताच आकडा दाखवतं, सॅलिसिलेट पद्धतीचं वापरा.)

मग घोडं कुठे पेंड खातं? झाकणात. दाट कंडिशनरचं माप 200 लिटरला 5 मिली असं असतं. पाणी आपण बदलतो 15 लिटरच्या बादलीनं, म्हणजे बादलीमागे 0.375 मिली. झाकणाच्या आट्यांवरून एवढं कुणी मोजून दाखवावं! मग 'पडलं जरा जास्त' सुरू होतं आणि बाटली बघता बघता तळाला जाते. ते पातळ करून ठेवावं म्हटलं, तर आत नेमकं काय आहे हे बहुतेक बाटल्या सांगत नाहीत. पातळ केल्यावर किती टिकेल, कसं समजणार?

हायपोची ताकद आपण ठरवतो. 1 मिग्रॅ क्लोरीनला 7 मिग्रॅ खडे, हा थोडे जादाच धरून केलेला हिशेब. 20 ग्रॅम खडे डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून एकूण 100 मिली द्रावण करा. विरघळताना बाटली हाताला गार लागते, त्यात काही बिघडलेलं नसतं. आता बादलीला 1 मिली, बिनसुईच्या सिरिंजनं. लिटरमागे जवळजवळ 2 मिग्रॅ क्लोरीन त्यात मिटतो. बाटली गडद रंगाची घ्या. द्रावण पांढरट गढूळ झालं तर गंधक सुटलाय असं समजून फेकून द्या.

नळाच्या कच्च्या पाण्यातच किट अमोनिया दाखवत असेल तर क्लोरामाइनचा संशय घ्या. तरीही लिटरमागे 2 मिग्रॅ क्लोरामाइनमधून अर्ध्या मिग्रॅच्या आत-बाहेरच अमोनिया निघतो. पाव टाकी बदलली तर टाकीत त्याचाही चौथा हिस्सा. मुरलेला फिल्टर एवढं पचवतो, असं माझं मत. टाकी नवी असेल किंवा पीएच चढा असेल, तर मात्र माझं ऐकू नका, बाटलीच घ्या.

पाइप थेट टाकीत सोडणार असाल, तर दोन्हींचं माप बदललेल्या पाण्याचं नाही, अख्ख्या टाकीचं धरा, आणि औषध नळ उघडण्याआधी टाका.