पद्मिनीवर डीआरएल, सात महिन्यांनी: दिवे बरे, डबी भिकार

डीआरएल म्हणजे दिवसा गाडी समोरच्याला दिसावी म्हणून पुढे लावायचे दिवे. गाडी डायनमोवाली (अल्टरनेटरऐवजी जुन्या पद्धतीचं, बॅटरी चार्ज करणारं जनित्र) प्रीमियर पद्मिनी, १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडलेलं). दिवसा हेडलाइट लावले तर ७-८ अँपिअर जातात, ६ वॅटचे हे दोन एलईडी मिळून जेमतेम १. डायनमोवाल्याला एवढं कारण पुरे.

तक्रार आहे ती किटसोबतच्या काडेपेटीएवढ्या काळ्या डबीबद्दल. सिग्नलला थांबलं की दिवे बंद, रेस दिली की चालू, पुन्हा बंद. समोरच्याला वाटतं डिपर मारतोय. दुकानदाराचं निदान: बॅटरी बदला. नका बदलू.

डबीला इंजिन चालू असल्याचं कळतं ते फक्त व्होल्टेजवरून. साधारण १३.२ व्होल्टच्या वर चालू, १२.८ च्या खाली बंद. अल्टरनेटर आयडलिंगलाही (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) १४ च्या आसपास देतो, म्हणून नव्या गाड्यांत हे खपून जातं. डायनमो आयडलिंगला जवळपास काहीच देत नाही. डॅशवरचा लाल दिवा मिणमिणतो तो त्यामुळेच. मीटरवर आयडलिंगला १२.४, रेस दिल्यावर १३.९. दोष ना बॅटरीचा, ना दिव्यांचा.

तिसऱ्या महिन्यात डबी काढून पाच पिनचा रिले (विजेवर चालणारा स्विच) बसवला. ८५-८६ मध्ये त्याची कॉइल; कॉइलमध्ये करंट नसताना ३० आणि ८७ए जोडलेले, करंट आला की रिले ओढला जातो आणि ते सुटतात. इग्निशनची वायर ३ अँपिअरच्या फ्यूजमधून पिन ३० आणि ८६ ला, ८५ ऑइल प्रेशर स्विचच्या वायरला, दिवे ८७ए वर. इंजिन बंद असताना तो स्विच अर्थ देतो, रिले ओढला जातो, दिवे विझलेले. इंजिन चालू झालं, ऑइल प्रेशर आलं की रिले सुटतो आणि दिवे लागतात. तापलेल्या इंजिनावर आयडलिंगला तरीही लुकलुकले तर वायरिंग नव्हे, ऑइल प्रेशर तपासा.

रात्री डीआरएल विझायलाच हवेत, समोरच्याच्या डोळ्यांत जातात. त्यासाठी दुसरा तसाच रिले: पहिल्याचा ८७ए याच्या ३० ला, दिवे आता याच्या ८७ए वर, ८६ पार्किंग लाइटच्या वायरला, ८५ अर्थ. दोन रिले, बेस, फ्यूज होल्डर मिळून साडेतीनशे रुपये. आधीचं माझं मत ५ पैकी २ होतं, आता ४. पाचवा गुण डबीनं खाल्ला.

क्रोम बंपरला भोक पाडू नका. बंपर ब्रॅकेटच्याच बोल्टवर ३ मिमीची एल पट्टी बसते. युरोपच्या नियमात दिव्यांची उंची २५० ते १५०० मिमी आणि आतल्या कडांमध्ये किमान ६०० मिमी अंतर; तेवढं सहज जमतं. काचेवर ई-मार्कशेजारी (युरोपच्या मान्यतेची खूण) 'आरएल' ही डीआरएलची अक्षरं बघून घ्या, नुसते चकाकणारे पट्टे कामाचे नाहीत.

बंपरवरून अर्थ घेतला की पावसाळ्यात बोल्ट गंजतात आणि एक दिवा मंदावतो. काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या, ०.७५ चौमिमी पुरते. जोड क्रिंप करून (पकडीनं दाबून) वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). पिळून टेप गुंडाळलेला जोड एका पावसात हिरवा पडतो. जुलैत डाव्या दिव्यात वाफ धरली होती. खालचं श्वासछिद्र पट्टीनं झाकलं गेलं होतं. दिवा उलटा फिरवून बसवल्यावर आठवड्यात सुकला.