कारखान्याला माणूस मिळवून देणाऱ्या सोयी: हिंगण्यातल्या एका लहान युनिटचा रिव्ह्यू

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत आयसी चौकापासून थोडं आत आमचं शीट मेटलचं युनिट आहे. ट्रॅक्टरला लागणारे ब्रॅकेट, गार्ड, बॅटरीचे ट्रे असलं काम. मशीनचं नवरा बघतो. हिशेब, पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा विमा) आणि माणसं माझ्याकडे. ठेक्यावरचे धरून ३४ जण. एकीकडे गेटागेटावर 'वेल्डर पाहिजे, फिटर पाहिजे' अशा पाट्या लटकलेल्या, दुसरीकडे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं एकच म्हणणं, "ताई, आमच्या पोराले कुठं चिपकवता का?" हे दोन्ही एकाच गावात. मधल्या दरीसाठी म्हणून ज्या काही सरकारी-खासगी सोयी आहेत, त्या आम्ही जवळपास सगळ्या वापरल्या आहेत. नवीन युनिट टाकणारे बरेच जण विचारतात म्हणून एकदाचं लिहून टाकते. माझं मत आधीच सांगते: माणूस आणून देणारे पुष्कळ आहेत. माणूस तयार करायला वेळ मिळवून देणारी सोय मला एकच सापडली, ती शिकाऊ उमेदवारीची, म्हणजे अप्रेंटिसशिपची.

खासगी कन्सल्टन्सीपासून सुरुवात करू, कारण तिथे जास्त वेळ घालवायचा नाही. नाव घेत नाही. एका महिन्याच्या पगाराएवढी फी, तीन महिन्यांची रिप्लेसमेंट गॅरंटी. गंमत अशी की चौथा महिना लागला की पोराच्या आजीची तब्येत बिघडते, आणि तोच पोरगा नंतर त्याच कन्सल्टन्सीकडून दुसऱ्या गल्लीत लागलेला दिसतो. अकाउंट्ससाठी किंवा खरेदी विभागासाठी माणूस हवा असेल तर ठीक आहे. शॉप फ्लोअरसाठी एक तारा, तोही फोन उचलतात म्हणून.

रोजगार मेळावे. पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावे जिल्ह्याजिल्ह्यात होतात, शिवाय मोठे वेगळे. डिसेंबर २०२३ मध्ये विद्यापीठाच्या आवारात नमो महारोजगार मेळावा झाला तेव्हाची गर्दी अख्ख्या शहराने पाहिली. लहान कारखानदाराला मेळाव्यात टेबल फुकट मिळतं, ही चांगली गोष्ट. पण तुमच्या बाजूच्या टेबलावर मोठ्या कंपनीचा फ्लेक्स असला की तुमच्याकडे येणारा पोरगा पत्ता विचारायलाच येतो. मेळाव्याला कोणी जावं? ज्याला एकदम वीस-पंचवीस माणसं हवीत आणि ज्याच्याकडे कॅन्टीन, बस, युनिफॉर्म असं दाखवायला काहीतरी आहे त्याने. आम्हाला एखाद-दुसरा वेल्डर हवा असतो. तिथे बीएस्सी, बीकॉम, एमए झालेल्यांचे बायोडेटा घेऊन मी घरी आले. ती मुलं हुशार होती, पण त्यांना माझ्याकडे द्यायला काम नव्हतं आणि त्यांना माझ्याकडचं काम नको होतं.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला आली, तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांनाच वाटलं की फुकटची माणसं मिळाली. विद्यावेतन सरकार देतं, थेट उमेदवाराच्या खात्यात: बारावी पासला ६,००० रुपये, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. वय १८ ते ३५. आस्थापनेत किमान २० माणसं लागतात आणि उद्योगाला मनुष्यबळाच्या १० टक्के प्रशिक्षणार्थी घेता येतात, सेवा क्षेत्राला २० टक्के. म्हणजे आम्हाला तीन. सरकारच्या 'महास्वयं' पोर्टलवर नोंदणी करायची, महिन्याची हजेरी ऑनलाइन भरायची, बस. कागदपत्रं कमी, हे मान्य करावंच लागेल.

आम्ही यातून एक मुलगी घेतली, स्टोअरला. हिंगण्याचीच, बीकॉम. तिने मटेरिअलची आवक-जावक वहीतून उचलून एक्सेलमध्ये आणली, रंगाच्या डब्यांवर तारखा टाकायला लावल्या आणि कोणता गॅस सिलिंडर कोणाकडे गेला याचा जो कायमचा घोळ होता तो मिटवला. मुदत संपल्यावर आम्ही तिला ठेवून घेतलं. म्हणजे ऑफिस, स्टोअर, डिस्पॅच यांसाठी योजना झकास. पण वेल्डर सहा महिन्यांत होत नाही. सुरुवातीला मुदत सहाच महिन्यांची होती, पुढे पाच महिने वाढवून अकरा केली. वेल्डिंगचा हात जमायला लागतो न लागतो तोच सर्टिफिकेट हातात. शिवाय सरकारी कार्यालयांत लागलेल्या बऱ्याच प्रशिक्षणार्थींना वाटलं की आता आपल्याला कायम करतील, त्यावरून आंदोलनंही झाली. आपल्याकडे येणाऱ्याला पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगून टाकावं की ठेवू तर तुझं काम बघून ठेवू. तीन तारे.

केंद्राच्या इंटर्नशिप योजनेबद्दल कोणी विचारू नका, ती देशातल्या वरच्या ५०० कंपन्यांसाठी आहे. आपल्याला त्या पंगतीत पाट नाही.

आता शिकाऊ उमेदवारी. कायदा १९६१ चा आहे, जुनाट वाटतो, आणि आमच्या इथले अर्धे कारखानदार त्याला इन्स्पेक्टर राज समजून घाबरतात. नियम असा: ठेक्यावरचे मोजून ३० किंवा जास्त माणसं असतील तर मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक. चार ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. आमच्या ३४ ला अडीच टक्के म्हणजे एक पोरगा, आणि १५ टक्के म्हणजे पाच. शिकाऊ हा कायद्याने कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे, त्यामुळे त्याचा पीएफ, ईएसआयसी लागत नाही. वर्ष संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असंही नाही. अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी मात्र मालकाचीच, हे विसरू नये. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा केंद्र उचलतं, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये.

या १,५०० साठी कोणी शिकाऊ घेत असेल तर त्याने घेऊ नये. एका दिवसाच्या रिजेक्शनमध्ये तेवढे पैसे भंगारात जातात.

कामकाज श्रद्धानंदपेठेतल्या शासकीय आयटीआयच्या आवारातून चालतं, तिथल्या मूलभूत प्रशिक्षण केंद्रातून, ज्याला सगळे बीटीआरआय म्हणतात. पोर्टलवर आस्थापना नोंदवायची, जागा टाकायची, करार करायचा. पण खरी सेवा पोर्टलवर नाही. ती आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये, निदेशकाच्या टेबलापाशी मिळते. आम्ही आमचं एक ब्रॅकेट आणि त्याचं ड्रॉइंग घेऊन गेलो आणि विचारलं, की हे वाचू शकेल असा फिटर कोण? त्या सरांनी मार्कलिस्ट काढली नाही. दोन पोरांना बोलावलं, एकाच्या हातात व्हर्निअर दिलं आणि म्हणाले, "हे मोजून सांग रे मॅडमले." एवढ्यात निवड झाली. असली चाळणी कोणताही कन्सल्टंट लावत नाही, कारण तो मुलांना ओळखतच नाही. याच आयटीआयमध्ये दसॉल्ट या फ्रेंच विमान कंपनीने विमानाच्या सांगाड्याच्या फिटरचा वेगळा ट्रेड सुरू करून घेतला; नागपूरच्याच मिहानमध्ये तिच्या फाल्कन विमानांचे भाग बनतात, त्यांना तशी माणसं लागतात. आपण काही ट्रेड सुरू करू शकत नाही, पण ड्रॉइंग घेऊन तर जाऊ शकतो.

आता पोरगा कारखान्यात आल्यावर काय होतं ते सांगते, कारण योजनेच्या माहितीपत्रकात ते नसतं. आमचा भिवापूरकडचा शिकाऊ प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनवर. फोरमन काकांनी त्याला सांगितलं, दोन मिलिमीटरच्या पत्र्याचा एल बनव, बाहेरून ५० आणि १००. पोराने बेरीज केली, १५० ची पट्टी कापली, वाकवली. एक बाजू बरोबर ५०, दुसरी १०० च्या वर साडेतीन मिलिमीटर. त्याने व्हर्निअर पुसलं, पुन्हा मोजलं, मशीनकडे संशयाने पाहिलं. काका काहीच बोलले नाहीत. चहा झाल्यावर त्याच्यासमोर भंगारातल्या पट्ट्या टाकल्या आणि म्हणाले, "कोपऱ्यातून पत्रा आतून शॉर्टकट मारते. किती वाचवते, तूच काढ." संध्याकाळपर्यंत त्याने १४६ च्या थोडं वर आकडा आणला, आणि वाकवून सोडल्यावर कोन ९० चा दीड-दोन अंश उघडतो हेही त्याचं त्यालाच दिसलं. के-फॅक्टर, म्हणजे वाकवताना कोपऱ्यात पत्र्याची लांबी किती धरायची ते ठरवणारा आकडा, हे नाव त्याला आयटीआयमध्ये पाठ होतं. ते कशाचं नाव आहे ते त्या दिवशी कळलं.

त्या दिवशी काकांचं स्वतःचं प्रॉडक्शन अर्ध्यावर आलं. याचं कोणतंही अनुदान नाही. माझ्या मते या योजनेची खरी किंमत हीच आहे आणि ती मालकाला द्यावीच लागते. ज्यांच्याकडे असा शिकवणारा माणूस नाही, किंवा आहे पण त्याला पीस-रेटवर (नगावर मजुरी) जुंपलाय, तिथे शिकाऊ पोरगा वर्षभर झाडू मारतो, माल उचलतो आणि मग 'आजकालची पोरं टिकत नाहीत' असं मालक चहाच्या टपरीवर सांगत बसतो. आम्ही काकांना शिकाऊमागे महिन्याचा वेगळा भत्ता सुरू केला. तो आमच्या खिशातून जातो, आणि त्याचा हिशेब मी सीएला जाहिरात खर्चाच्या खाली सांगते.

दुसरा भाग राहण्याचा. हा कोणत्याच सेवेत नाही आणि माणूस जातो तो बहुतेक यापायी. वानाडोंगरीत इंजिनीअरिंग कॉलेजमुळे खोल्यांचे भाव विद्यार्थ्यांच्या बापांच्या हिशेबाने लागतात. शिकाऊच्या विद्यावेतनात खोली, मेस आणि घरी थोडे पैसे हे गणित बसत नाही. २०२० पासून मेट्रो लोकमान्य नगरपर्यंत येते, वर्धमान नगर-सीताबर्डीकडच्या पोरांना त्याचा खरंच फायदा झाला. पण सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा मेट्रो झोपलेली असते, आणि स्टेशनपासून आतल्या प्लॉटपर्यंत शेअर ऑटो मिळाला तर मिळाला. उमरेड, काटोल, भंडारा इथल्या पोरांचं तर विचारूच नका. शिवाय पोळा झाला की सोयाबीन, त्यामागून कापूस. घरी शेत असलेला पोरगा तेव्हा जाणारच. आम्ही आता करार करतानाच विचारतो की तुझ्याकडे सोंगणी कधी असते, आणि तेवढे दिवस सुट्टी आधीच मांडून ठेवतो. सांगून गेलेला परत येतो. न सांगता गेलेला लाजेने येत नाही. तीनचार खोल्यांचं एक साधं वसतिगृह एमआयडीसीच्या हद्दीत कोणी काढलं, तर माझ्या लेखी ते दहा मेळाव्यांच्या तोडीचं आहे.

शिकाऊ उमेदवारीला चार तारे. पाचवा वसतिगृहासाठी राखून ठेवलाय.

वर्ष संपून पोराला कामावर घेतलं की आणखी एक गोष्ट जरूर बघा: प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात लागलेल्यांसाठी आहे. पहिल्यांदा पीएफमध्ये येणाऱ्याला एका महिन्याच्या पगाराएवढे, जास्तीत जास्त १५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, सहा महिने टिकला तर पहिला, वर्ष झालं की दुसरा. मालकाला प्रत्येक जादा माणसामागे महिन्याला ३,००० पर्यंत, दोन वर्षं. उत्पादन क्षेत्राला आणखी दोन वर्षं. ५० पेक्षा कमी माणसं असलेल्याने किमान दोन जादा माणसं घ्यायला हवीत आणि ती सहा महिने टिकायला हवीत. ईसीआर (पीएफचं महिन्याचं विवरण) वेळेवर भरा, पोराचा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) चेहरा दाखवून उमंग ॲपवर काढून घ्या. शिकाऊ असताना पीएफ नसतो, त्यामुळे आपल्याकडे तयार झालेला पोरगा इथे पहिल्यांदाच लागणारा म्हणून बसतो. या दोन योजना एकामागून एक लावल्या तरच लहान युनिटला काही अर्थ आहे, आणि ही जोडणी कोणीही आपणहून सांगत नाही. व्हीआयए, हिंगण्याची एमआयए किंवा बुटीबोरी एमआयडीसीची बीएमए या कारखानदारांच्या संघटनांच्या कार्यक्रमांना जात असाल तर हाच प्रश्न विचारा, एकेका योजनेचं प्रेझेंटेशन ऐकत बसू नका.

शिकाऊ कायद्याच्या आठव्या कलमात एक सोय आहे जी वापरलेली मी अजून पाहिलेली नाही. अनेक मालकांनी मिळून, स्वतः किंवा मान्य एजन्सीमार्फत, शिकाऊंना प्रशिक्षण द्यायची. एकाकडे प्रेस ब्रेक, दुसऱ्याकडे पावडर कोटिंग, तिसऱ्याकडे चांगला वेल्डर. पोरगा वर्षात तिन्हीकडे फिरला तर खरा फिटर होईल, आणि शिकवणाऱ्या काकांचा भत्ताही वाटून जाईल. आमच्या गल्लीतल्या दोन युनिटवाल्यांना विचारलं. एक तयार आहे. दुसरा म्हणाला, "वहिनी, मी शिकवीन अन् पोरगा शिकून तुमच्याकडे जाईन, तं माझं काय?" मी म्हटलं, भाऊ, सध्या तो तुमच्याकडे न शिकताच बुटीबोरीला जाऊन राहिला.