कळलावी कुंडीत लावून पंधरा महिने झाले, माझा अनुभव

रानात पावसाळ्यात झुडपांवर चढलेली कळलावी बघून कित्येक वर्षं वाटायचं की ही घरी हवी. शेवटी ओळखीच्या एकांच्या बागेतला जास्तीचा एक कंद मिळाला. (रानातून उपटून आणू नका प्लीज, औषधासाठी तिचा आधीच खूप उपसा होतो.)

कंद इंग्रजी व्ही सारखा असतो आणि डोळा फक्त टोकाला, म्हणून हाताळताना ते टोक मोडलं की त्या बाजूने कोंब येणं जवळपास संपलंच. मी आडवा ठेवून दोन-अडीच इंच खाली लावला, मातीत वाळू आणि शेणखत भरपूर, कारण पाणी साचलं की कंद सडतो. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी कोंब वर आला आणि मग वेल इतक्या भराभर वाढला की आधाराला काठी लावायला मलाच उशीर झाला. ही वेल पानांच्या टोकांनी धरून चढते, टोकं तणाव्यासारखी गुंडाळतात, त्यामुळे जाड खांब नको, बारीक काड्या किंवा जाळी द्या.

फुलं ऑगस्टमध्ये आली. कळी हिरवट, मग पाकळ्या मागे वळून पिवळ्या-लाल, आणि शेवटी पूर्ण लालभडक. एकाच वेलीवर तिन्ही रंग एकदम दिसतात, सकाळी चहा घेऊन मी तिथेच उभी असायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नोव्हेंबरमध्ये वेल पिवळी पडून पूर्ण वाळली आणि मला खरंच रडू आलं, वाटलं गेली. पण ती मेलेली नसते, कंद झोपलेला असतो. तेव्हा पाणी बंद करायचं, माती उकरून बघायची नाही. मी एकदा उकरायला गेले होते, वेळीच थांबले, आणि यंदा जूनमध्ये एकाच्या जागी दोन कोंब आले!

आणि हो, झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, कोल्चिसीन नावाचं विष असतं त्यात, कंदात तर खूपच आणि तो दिसतो अगदी रताळ्यासारखा. घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर कुंडी हाताला लागणार नाही अशीच ठेवा, कंद हाताळताना ग्लोव्हज घाला. माझ्या कुंडीवर मी मोठ्या अक्षरात 'विषारी' लिहून ठेवलंय. बियांपासून लावणार असाल तर फुलं यायला तीन-चार वर्षं जातात, म्हणून कंदच बघा. माझ्या शेंगा सध्या वाळायला लागल्यात, त्या तडकल्या की आत लाल-केशरी बिया दिसतील, त्याची वाट बघतेय.