पाणी मऊ करणाऱ्या पावडरीच्या नावाखाली झालेली फसवणूक

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, तुरीची डाळ तासभर रटरटली तरी शिजत नाही. हे दुखणं नेमकं हेरून दोघं जण मोटारसायकलवर पावडर विकत आले आणि बाबांना 900 रुपयांना एक किलोची पिशवी देऊन गेले. पिशवीवर ना कंपनीचा पत्ता, ना आत काय आहे ते. बिलही दिलं नाही.

ओसरीवरच त्यांनी प्रयोग करून दाखवला. ग्लासभर पाण्यात चिमूटभर पावडर टाकली, पाणी दुधाळ झालं. गाळून त्यात साबण घोळला, तर भरपूर फेस. "पाहा काकाजी! हजार लिटरच्या टाकीला फक्त एक चमचा. प्या बिनधास्त."

टाकीतल्या पाण्यात काडीचाही फरक पडला नाही. बहिणीनं कॉलेजात सरांकडून पावडर तपासून घेतली, तर निघाला धुण्याचा सोडा.

ग्लासातला प्रयोग खरा होता, लबाडी मापात होती. सोडा पाण्यातलं कॅल्शियम खडूच्या रूपात खाली बसवतो, पण पाण्यात जेवढा जडपणा, म्हणजे विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, तेवढा सोडा लागतोच. लिटरला 600 मिलिग्रॅम जडपणा धरा. हजार लिटरला साधारण 640 ग्रॅम सोडा हवा, आणि मॅग्नेशियम काढायचं तर चुनाही. चमच्यात मावतो पाचेक ग्रॅम! ग्लासाला मात्र सव्वाशे मिलिग्रॅम पुरतात, म्हणून चिमटीत चमत्कार दिसतो.

मला खरा राग येतो तो "प्या" म्हणण्याचा. आपल्या पट्ट्यात पाण्यात सोडियमचे क्षार आधीच जास्त, त्यात सोड्यानं आणखी भर पडते. घरोघरी बीपीचे पेशंट आहेत. खारटपणा तर असल्या कुठल्याच पावडरीनं जात नाही, त्याला आरओच लागतो. तुरटीनंही फक्त गढूळपणा बसतो, जडपणा नाही.

जलजीवन मिशनचं तपासणी किट आपल्या ग्रामपंचायतीत आहे का ते विचारा. त्यात जडपणाची थेंबांची तपासणी असते. कोणी पावडर विकायला आलं, तर टाकीतलं पाणी आधी आणि नंतर त्याच किटवर तपासा, मगच पैसे द्या. फसला असाल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा, पिशवी फेकू नका.